किटलीतली चिठ्ठी

आमच्या टीमनं तीन वर्षांत दोनदा ढाल जिंकली. त्या तीन वर्षांत तिनं केलेले गोल मोजायला माझ्या एका हाताची बोटं पुरतात, वर एक बोट उरतं. त्यातलाही एक गोल समोरच्या टीमच्या बॅकनं चुकून स्वतःच्याच जाळ्यात घातलेला. हे मी नवऱ्याला आजही ऐकवते आणि तो आजही उठून गच्चीवर जातो. जायचं तर जाऊ दे. मला एकदाचं लिहून टाकायचंय.

दर हिवाळ्यात आमखास मैदानावर मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टीमची फुटबॉल स्पर्धा व्हायची. पोलीस ॲक्शननंतर थोड्याच वर्षांत ती सुरू झाली, असं जुने लोक सांगत. त्या दिवसांत सामना बरोबरीत सुटला की भांडण आणि भांडण झालं की पोलीस. म्हणून सगळ्यांकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून रीत पाडली, की बरोबरी झाली तर चिठ्ठी काढायची. मैदानावर दिवे नव्हते, सूर्य बुडाला की बॉल दिसत नसे. दुसऱ्या दिवशी मैदान कुणाच्या तरी सभेला दिलेलं असे, त्यामुळं सामना परत खेळवणंही जमत नसे. मग चहावाल्याची ॲल्युमिनियमची मोठी किटली रिकामी करून आणायची आणि तिच्यात दोन चिठ्ठ्या टाकायच्या. एकीवर ‘गोल’ लिहिलेलं, दुसरी कोरी. दोन्ही टीमच्या एकेका माणसानं हात घालायचा. ज्याला ‘गोल’ मिळेल त्याची टीम जिंकली. या माणसाला ‘हात’च म्हणत. सामन्याआधी अकरा खेळाडूंच्या नावांखाली हाताचं नाव लिहून द्यावं लागे आणि दिलेलं नाव मग बदलता येत नसे. हात हजर नसला तर चिठ्ठी न काढताच समोरची टीम विजयी. पेनल्टी किक कुणाला माहीत नव्हत्या असं नाही. पण रीत ती रीत.

आमच्या टीमचा हात मी होते.

मी तेव्हा दौलताबादच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळा सुटली की एसटीनं शहरात यायचं आणि स्पर्धेच्या दिवसांत घरी न जाता थेट मैदानावर. नवरा टीमचा कोच होता म्हणून नव्हे. मला फुटबॉल आवडतो, लग्नाआधीपासून आवडतो. मैदानावर बायका चार-पाचच असायच्या आणि त्यातल्या निम्म्या शेंगा विकायला आलेल्या. पहिल्या वर्षी आमचा नेहमीचा हात, मोहल्ल्यातले एक आजोबा, ऐन सामन्याच्या सकाळी बिडकीनला मयतीला गेले. नवऱ्यानं कागदावर माझं नाव लिहिलं, कारण मी येणार हे नक्की होतं. दुसरं काही कारण नव्हतं. सामना शून्य-शून्य सुटला, मी किटलीत हात घातला, ‘गोल’ निघाला. पुढच्या सामन्यात तेच. फायनललाही तेच. ढाल मिरवत मोहल्ल्यात आली.

यात चमत्कार काही नाही. नाणं तीनदा उडवलं आणि तिन्हीदा छापा पडला, इतकंच. माझ्या आठवीच्या पोरांनाही हे समजायचं. माझ्या नवऱ्याला समजलं नाही. त्यानं त्यातून डावपेच काढले.

नवरा पाटबंधारे खात्यात कारकून. खेळायचा तेव्हा बॅक होता आणि माणूसही बॅकच. झोपण्याआधी गॅसचा कॉक दोनदा बघणार, दाराची कडी तीनदा. दुसऱ्या वर्षी पहिल्याच सामन्याआधी त्यानं पोरांना रिंगण करून बसवलं आणि माझ्यादेखत सांगितलं, “गोल खायचा नाय. एवढंच ध्यानात ठेवा. पुढचं तुमच्या वहिनी बघून घेतील.”

पोरं हसली. मला वाटलं, थट्टा आहे.

थट्टा नव्हती. त्या वर्षी आमची टीम अख्खा सामना आपल्याच अर्ध्या मैदानात उभी असायची. बॉल मिळाला की बाजूला, बाजूच्यानं माघारी, माघारच्यानं गोलकीपरला. गोलकीपर बॉल छातीशी धरून जितका वेळ उभं राहता येईल तितका उभा. मग परत तेच. प्रेक्षकांत आमच्या मोहल्ल्याचे तीनचारशे लोक, दिवसभर गॅरेजात, दुकानात, रिक्षात राबून आलेले. त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

“अरे, तिकडं बी एक गोलपोस्ट हाय रे! दाखवा कुणीतरी यांना!”

“गोलकीपरला जावई करून घ्या! सगळे त्याच्याच दारात!”

“अब्बे, बॉल है वो, अंडा नई है! फूटता नई, मार!”

आणि शेवटी अंधार पडला की किटली. मी उठायचे, साडीचा पदर खोचायचे, चहाचा वास मारणाऱ्या त्या ओलसर किटलीत हात घालायचे. दुसऱ्या वर्षीही ढाल आमच्याकडे आली. या वेळी मिरवणूक निघाली नाही. बारा-पंधरा जण ढाल घेऊन आले आणि भिंतीला टेकवून आपापल्या घरी गेले.

शिव्या मला खाव्या लागल्या. नवऱ्याला समोरून कोण बोलणार? तो कोच, वयानं मोठा. मी रोज पाव घ्यायला बेकरीत जायचे. बेकरीवाले चाचा लहानपणापासून एकही सामना न चुकवणारे. पाव कागदात बांधता बांधता विचारायचे, “भाभी, ये टीम गोल कायकू नई करती?”

“तुमच्या भाईसाबना विचारा.”

“पूछा ना. बोले, खाया तो नई ना एक बी. मैं बोला, भाईसाब, रोजा रखने उतारे क्या टीम को मैदान में?”

एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना म्हणायचा, “बाई, लागला का निकाल, का अजून किटलीतच हाय?” रिक्षा स्टँडवरून जाताना आवाज यायचा, “फुटबॉलमधी हात लावला तर फाउल, अन् हे हातावरच जिंकायलेत!” मला हसू यायचं नाही. पटायचं. मलाही तेच म्हणायचं होतं आणि ज्या गोष्टीवर मी चिडले होते ती माझ्याच नावावर चालली होती.

सगळ्यात वाईट हाल माझ्या धाकट्या दिराचे. तो आमच्याच घरी राहायचा, लेथवर काम करायचा आणि टीमचा सेंटर फॉरवर्ड होता. म्हणजे शर्टावर नऊ नंबर होता. गल्लीच्या टोकाला एका भिंतीवर त्यानं कोळशानं चौकट काढली होती. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो त्या चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बॉल मारायचा. धाड, धाड, धाड. प्लास्टर तिथंच उडालं होतं, बाकी भिंत शाबूत. यावरून नेम कळावा. तिसऱ्या हिवाळ्याआधी त्याचा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, एवढा मोसम खेळून घ्या, मग बंद.

मी भाकरी करत होते आणि तो ओट्याला टेकून गुडघ्यावर गरम मिठाची पुरचुंडी धरून उभा होता.

“वहिनी, दोन वर्षांत मी गोलवर किती बॉल मारले, माहितीय?”

“किती?”

“दोन. त्यातला एक सरावात मारला, तरी दादा आठ दिवस बोलला नाय.”

“मग मारत जा ना. तो काय मैदानात येऊन पाय धरणारे?”

“दादाचं नाय मोडवत हो.” मग पुरचुंडी गुडघ्यावर फिरवत म्हणाला, “एक मारायचाय वहिनी. एकच. मग गुडघा गेला तरी चालंल.”

मला असल्या बोलण्याचा राग येतो. गुडघा गेलेला कसा चालेल? पण त्याचा एक बॉल राहिलाय ही गोष्ट खरी होती आणि ती माझ्या डोक्यातून जाईना.

तिसऱ्या वर्षीच्या सेमीफायनलला ते घडलं. खेळ संपायला थोडाच वेळ होता. समोरच्यांचा बॅक घसरून पडला आणि बॉल आपसूक दिराच्या पायात आला. पुढं फक्त गोलकीपर. मैदान एकदम उठून उभं राहिलं. शेंगावालीसुद्धा उठली. आणि कडेला उभा असलेला माझा नवरा दोन्ही हात वर करून ओरडला, “माघारी! माघारी दे!”

दीर थांबला. बॉलवर पाय ठेवून थांबला, वळला आणि त्यानं बॉल माघारी दिला.

त्यानंतर जो ओरडा झाला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. चपला मैदानात आल्या. एकानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली आणि तिच्यावर उभा राहिला. बेकरीवाले चाचा खाली बसले, डोकं धरून. सामना शून्य-शून्य सुटला, किटली आली, मला ‘गोल’ मिळाला. कुणीही टाळी वाजवली नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “भाभी, फायनल में आपिच खेलो. इनकू घर बिठाव, रोटी डालेंगे.”

घरी आल्या आल्या मी पर्स टाकली आणि बोलायला सुरुवात केली.

“त्याच्यासमोर गोल उघडा होता.”

“चुकला असता तर? बॉल त्यांच्याकडं गेला असता, आपली माणसं पुढं सापडली असती.”

“कुठली माणसं पुढं? सगळे मागं उभे होते!”

“जिंकलो ना पण?” नवरा शांतपणे म्हणाला. तो शांत बोलला की माझं डोकं जास्त फिरतं. “तू रोज दौलताबादला जातीस. तो किल्ला कधी कुणी लढून घेतला का? नाय. का? कारण आतले लोक बाहेर पडले नाहीत.”

“आणि शेवटी काय झालं? धान्याची पोती म्हणून वर नेली ती मिठाची निघाली. उपाशी बसून शरण गेले. तुमचंही पोतं मिठाचंच आहे. ते पोतं म्हणजे मी.”

“तुझ्या हाताला यश आहे. सगळे म्हणतात.”

मी स्वयंपाकघरातून डाळीचा रिकामा डबा आणला. वहीचा कागद फाडला, दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर ‘गोल’ लिहिलं. त्याच्यासमोर बसून वीस वेळा काढली. दिराला मोजायला बसवलं. नऊ वेळा ‘गोल’, अकरा वेळा कोरी.

“बघा. हे आहे माझ्या हाताचं यश. निम्म्याला एक कमीच.”

नवऱ्यानं डब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, “घरात उतरत नाय ते. मैदानावरच उतरतं.”

दीर उठून बाहेर गेला. हसत गेला की काय, मी पाहिलं नाही. मी म्हटलं, “फायनलला मी हात घालणार नाही. दुसऱ्या कुणाचं नाव लिहा.”

“बरं,” नवरा म्हणाला. आणि फायनलच्या दिवशी कागदावर माझंच नाव लिहून दिलं. मला हे मैदानावर पोचल्यावर कळलं. विचारलं तर म्हणाला, “ऐन वेळी तू काय माघार घेणारेस का?” माघारीवर अख्खी टीम चालवणारा माणूस मला हे विचारत होता.

फायनल छावणीकडच्या टीमशी होती. पहिला अर्धा वेळ नेहमीसारखा गेला. आमचे दहा जण आपल्या गोलसमोर, दीर त्यांच्यात, नऊ नंबर पाठीवर घेऊन बॅकच्या शेजारी उभा. सुजलेल्या गुडघ्यावर पट्टी. एकदाही त्यानं मधली रेघ ओलांडली नाही. लोक आता ओरडतही नव्हते. शेंगा खात, पाठ करून बसले होते. त्याचा मला जास्त राग आला. ओरडणारा माणूस अजून काहीतरी मागत असतो.

मध्यंतराला मी उठले आणि नवऱ्याजवळ गेले. पोरं लिंबाच्या फोडी चोखत बसली होती.

“अहो, मी निघाले.”

“कुठं?”

“घरी. कुकर लावायचाय.”

“आणि चिठ्ठी?”

“चिठ्ठीची वेळ येऊ देऊ नका.”

“खाली बस. लोक बघतायत.”

“बघू देत. दिसावं म्हणूनच मधून जातेय.”

दिरानं तोंडातली लिंबाची फोड काढली आणि माझ्याकडं बघितलं. मी पर्स खांद्याला अडकवली आणि कडेनं न जाता सरळ मैदानाच्या मधून, दोन्ही टीमच्या देखत, फाटकाकडं चालत गेले. आधी कुणाला कळेना. मग बेकरीवाले चाचा बाकावर उभे राहिले.

“हात चला! अरे, हात चला रे!”

मैदान उठलं. शिट्ट्या वाजल्या. तीन वर्षांत मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

मी घरी गेले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अजूनही वाटतं की मी कुकर लावत होते. मी बाहेर, मैदानाच्या भिंतीला लागून असलेल्या कडुनिंबाखाली उभी राहिले. भिंत माझ्यापेक्षा उंच, त्यामुळं दिसत काहीच नव्हतं. फक्त आवाज.

बॉल माघारी दिल्यावर होणारा कुरकुरीचा आवाज मला पाठ होता. तो आला नाही. वेगळाच यायला लागला. चढायचा, तुटायचा, परत चढायचा. म्हणजे बॉल पुढं चालला होता. “जा! जा! जा!” असं शेकडो लोक एका दमात म्हणत होते. आणि मग तो आवाज फुटला. भिंतीवरची चिमणीपाखरं उडाली. फुटक्या डब्यांवर काठ्या बडवल्याचा आवाज, कुणाच्या तरी आईचं नाव, आणि सगळ्यात वर, “नऊ नंबर! नऊ नंबर!”

मी फाटकाकडं चार पावलं गेले आणि थांबले. माझी साडी जांभळी होती, लांबून ओळखू येणारी. मी दिसले असते तर हात परत आला असता आणि दहाच्या दहा जण गोलसमोर जाऊन उभे राहिले असते. मी परत झाडाखाली आले. ज्या एका गोलसाठी मी दोन वर्षं डोकं फोडलं तो मी पाहिला नाही.

पुढं काय झालं, तेही मी ऐकलंच. पाच-सात मिनिटांत ती जुनी कुरकुर परत सुरू झाली. “अरे पुढं जा ना रे!” “फिर वोईच? फिर वोईच?” मला भिंतीपलीकडं दिसत नसूनही दिसलं, की नवऱ्यानं दोन्ही हात वर केलेत. एक गोल झालाय, आता माघारी या, जपा. मी भिंतीवर मूठ मारली. लागलं. मग समोरच्या बाजूनं आरोळी उठली. छावणीकडच्यांनी बरोबरी केली होती. दिवस बुडाला. शिट्टी झाली. एक-एक.

मग किटलीचं झाकण वाजलं. आतून पंचांचा आवाज आला, माझं नाव घेऊन, पाठोपाठ लोकांचा. “भाभी किधर है? अरे, कोई दौडो, घर से बुलाके लाव!” रीतीप्रमाणं तीनदा पुकारा झाला. मी वीस पावलांवर होते. गेले असते तर निम्मी शक्यता होती. ‘गोल’ निघाला असता तर ढाल परत आली असती आणि दिराचा गोल राहिला असता बाजूला. लोक म्हणाले असते, भाभीनं जिंकवलं. पुढच्या वर्षी पुन्हा दहाजण गोलसमोर. हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या मोजलं आणि हलले नाही. दिराला त्या दिवशी ढालही हवी असेल का, हे मात्र मोजलं नाही. ते नंतर सुचलं.

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर मी रिक्षानं घरी आले आणि कुकर लावला.

दीर लंगडत आला, पायरीवर बसला आणि बूट काढायला लागला. गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. त्यानं हात वर करून बोटानं हवेत एक जागा दाखवली.

“वरचा उजवा?” मी विचारलं.

“भिंतीसारखाच,” तो म्हणाला. “ढाल गेली पण, वहिनी.”

मी मीठ गरम करायला ठेवलं. त्यानंतर तो खेळला नाही.

लोकांचं सांगते. ज्यांनी टाळ्या वाजवून मला बाहेर घालवलं त्यांच्यातलेच निम्मे दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पाँच मिनट रुक जाते तो क्या जाता था?” मी बेकरीत सगळ्यांसमोर विचारलं, “गोल झाल्यावर माघारी कुणी बोलावलं? मी?” चाचांनी पाव बांधून माझ्यापुढं सरकवले.

पुढच्या वर्षी नवऱ्यानं सिल्लोडहून आपल्या बहिणीला आणलं, हात म्हणून. पहिलाच सामना शून्य-शून्य सुटला आणि तिला कोरी चिठ्ठी निघाली. घरी आल्यावर बिचारी रडायला लागली. नवरा तिला म्हणाला, “तुझा काय दोष? हिच्या हातालाच यश होतं. त्या दिवशी ही मैदानावर असती ना...”

वीस पावलं, मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, “एक-शून्यवर हात वर कुणी केले होते?”

तो उठून गच्चीवर गेला. नणंदेनं डोळे पुसले आणि विचारलं, “वहिनी, खरंच, तुम्ही बॉल पुढं मारायला का नाही सांगत पोरांना?”